पोच

पाझर तलावाच्या भरावावर
सकाळी आठला आमची तोंडं मोजतात.
अंगद मोबाईल धरतो. पदर मागं घ्या,
डोळे मिचकवा, हलू नका.
रेंज येईपर्यंत आम्ही तशाच,
उन्हाकडं तोंड करून, डोळे मिचकवत.
चेहरा नाही चढला तर खाडा.
दोन खाडे झाले तर पुढच्या हजेरीपटात नाव नाही.

प्रयागबाईचा अंगठा मशीन ओळखत नाही.
पन्नास वर्षं टोपलं, खुरपं, कोयता.
रेघा गेल्या कुठं, तिलाच विचारतात.
ती म्हणते, जातील कुठं,
भरावातच असतील, उकरा.

माझा फोटो मात्र लगेच निघतो.
निघतो आणि जातो.
परवा लेकीनं दाखवला, गावाच्या ग्रुपवर.
खाली हसून हसून रडणारे चार पिवळे चेहरे.
खांद्यावरची उसवलेली शिवण
त्यात साफ दिसत होती.
मजुरी अजून यायची आहे.
फोटो पोचला.

मधी दोन दिवस मी गेले नाही.
तिसऱ्या दिवशी, चाळीस माणसांत, अंगद विचारतो,
कारण काय लिहू?
मी गप्प.
तुझी तर पिशवी काढलीय ना केजला,
मग आता कसलं दुखणं?

फावडी थांबली.
गड्यांच्या बाजूनं कुणीतरी खोकलं.
दवाखान्याचा तो कागद
मी ट्रंकेत, शालूच्या घडीत ठेवलेला.
तो कुठल्या वाटेनं इथवर आला,
कुणी मांडली त्याची हजेरी?

लई बोलावं वाटलं.
बोलले एवढंच, माझं जॉबकार्ड दे.

कार्डं त्याच्या कपाटात, रबर लावून गठ्ठा.
बायका हरवतात म्हणे.
मी म्हणलं, चौदा वर्षं मंगळसूत्र सांभाळलंय.
नवरा हरवला, ते नाही हरवलं.

रात्री लेकीनं मागचं पान वाचलं, अडखळत.
कार्ड मजुराजवळच राहील.
काम लेखी मागावं, तारखेची पोच घ्यावी.
पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर भत्ता.
पुन्हा वाच, म्हणलं. तिनं पुन्हा वाचलं.
पिशवीचं काही लिहिलंय का गं?
तिनं पान उलटून बघितलं. नाही म्हणाली.
सांगावंच लागतं, असं?
नाही.
मग ती माझ्याकडं बघायची थांबली
आणि दिवा बारीक केला.

सोमवारी पंचायतीत गेले.
अर्ज लेकीच्या अक्षरात, शेवटची ओळ माझी:
फोटो हजेरीपुरता. बाकी कुठं नाही.
खाली अंगठा नाही, सही.
तीन अक्षरं, त्यातला 'ध्या' ओळीखाली घसरलेला.

अंगद म्हणाला, ठेव तिथं.
मी म्हणलं, पोच.
आपल्या आपल्यात कसली पोच?
पोच, म्हणलं.
माणसाला जरा पाचपोच असावी, अयोध्याबाई.
असावी ना.
पाच तुझ्याकडं राहू दे,
पोच मला दे.

ग्रामसेविका बाई चष्म्यावरून बघत होत्या.
शिक्का सापडेना. सापडला तर पॅड वाळलेलं.
बाईंनी तांब्यातलं दोन थेंब पाणी शिंपडलं.
शिक्का अर्धाच उठला.
तारीख पुरी आली.

फोटो अजून ग्रुपवर आहे. काढतो म्हणालाय.
म्हणालाय.
कार्ड आणि पोच दुधाच्या पिशवीत घातली,
गाठ मारली.
ही पिशवी कुणी काढायची नाही.

बाहेर प्रयागबाई उभी होती. बघू, म्हणाली.
वाचता येत नाही तिला.
तिनं नुसता अंगठा टेकवला शिक्क्यावर,
शाई ओलीच होती.
मग अंगठा उन्हात धरून
किती तरी वेळ बघत राहिली.
एक रेघ आली गं, म्हणाली.